समुद्रापलीकडचे इमान

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्यात दोन पक्ष असतात याचा सहसा विसर पडतो. मीठ खाणारा एक आणि मीठ देणारा दुसरा. जागण्याची जबाबदारी आपण पहिल्यावर टाकून मोकळे होतो. दुसऱ्याने कशाला जागावयाचे, हे कोणी विचारीत नाही. लष्करी इतिहासग्रंथांत तर ह्या एकतर्फी हिशेबाची परंपराच पडून गेली आहे. शिपाई कोठे कसे लढले, किती पडले, कोणास कोणते पदक मिळाले हे तेथे बारकाईने नोंदलेले असते. ज्यांच्या आज्ञेवरून ते लढले त्यांनी आपली बाजू कितपत राखली, याचे पान बहुधा कोरे असते.

मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही इंग्रजी कादंबरी मला मोलाची वाटते ती ह्या कोऱ्या पानामुळे. १९१४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या हिंदी शिपायांची ही कथा आहे. ती १९४० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या पुराव्याशी ताडून तिचे वाचन करावे आणि शिपायाचे इमान नेमके कोणाशी होते व त्याची परतफेड कोणी केली, याचा शोध घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम इतिहास पाहू. महायुद्ध पेटून दोन महिने होण्यापूर्वीच, २६ सप्टेंबर १९१४ रोजी, लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मार्सेल्स बंदरात उतरल्या. पाठोपाठ मीरत डिव्हिजन आली. बेल्जम व उत्तर फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याची सुरुवातीच्या लढायांतच जबर हानी झाली होती आणि इंग्लंडात भरती झालेले नवे सैन्य अजून कवायत शिकत होते. मधली पोकळी भरून काढण्यास सिद्ध असलेले सैन्य हिंदुस्थानात होते. तेच बोटींवर चढविण्यात आले. युद्ध संपेपर्यंत पश्चिम आघाडीवर सुमारे १ लाख ४० हजार हिंदी माणसे गेली. त्यांतील ९० हजारांच्या आसपास लढवय्ये होते व सुमारे ५० हजार मजूर.

हे सैन्य वायव्य सरहद्दीवरील डोंगरी लढायांसाठी तयार केलेले होते. मार्सेल्सला त्यांच्या रायफली बदलून नव्या देण्यात आल्या, आणि त्या हाताला पुरत्या सरावण्यापूर्वीच शिपाई खंदकांत पोहोचले. अंगावर हिंदुस्थानातील खाकी सुती कपडे. गरम कपडे मागाहून, थंडी सुरू झाल्यावर आले. जर्मनांपाशी हातबॉम्ब होते, उखळी तोफा होत्या; आमच्या सॅपर्सनी जॅमच्या रिकाम्या डब्यांत दारू ठासून आपले बॉम्ब घरच्या घरी बनविले. २० डिसेंबर १९१४ रोजी फेस्ट्युबेर-जिव्हाँशीच्या बाजूस जर्मनांनी खंदकांखाली पेरलेले सुरुंग उडविले, तेव्हा हिंदी सैन्याला ह्या युद्धात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

आनंदांच्या कादंबरीचा आरंभही मार्सेल्सच्या धक्क्यावरच होतो. लालसिंग ऊर्फ लालू हा पंजाबातील एका शेतकऱ्याचा पोरगा. गावात त्याने केस कापून धर्मरूढी मोडली, जमीनदाराशी त्याचे बिनसले आणि चोरीचा आळ आला, तेव्हा तो पलटणीत जाऊन दाखल झाला. ही पूर्वकथा ‘द व्हिलेज’ ह्या १९३९ च्या कादंबरीत आली आहे. आता तो फ्रान्सकडे डोळे विस्फारून पाहतो. येथले शेतकरी मालकाप्रमाणे ताठ मानेने वावरतात, गोरी बाई काळ्या शिपायाशी हसून बोलते, ह्या साध्या गोष्टींनी त्याच्या मनात केवढी तरी उलथापालथ होते. सम्राटाच्या गौरवाची चिंता त्याला नाही. बापाची गहाण पडलेली जमीन सुटावी, पराक्रम केल्यास सरकारकडून जमिनीचा तुकडा इनाम मिळावा, एवढी त्याची महत्त्वाकांक्षा.

‘काळे पाणी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. ह्या कादंबरीतील काळे पाणी निराळे आहे. ज्याचे उल्लंघन केल्याने धर्म बुडतो असा समज होता, तो हा समुद्र. म्हणजे बोटीवर पाय ठेवताच शिपायाने आपल्या परलोकाचाही काही अंश सरकारच्या हवाली केला होता. मिठाची किंमत एवढी मोठी होती.

लेखकाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आनंद यांचा जन्म १९०५ मध्ये पेशावरला झाला. त्यांचे वडील तांबटाचा पिढीजात धंदा सोडून सैन्यात शिरलेले. डोग्रा पलटणीतील नोकरीत ते सुभेदारपदापर्यंत चढले. मुलाचे बालपण छावण्यांत गेले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो नऊ वर्षांचाही नव्हता. कादंबरीचा पहिला आराखडा त्यांनी १९३७ मध्ये, यादवीने होरपळणाऱ्या स्पेनमध्ये केला, आणि १९३९ च्या उत्तरार्धात, दुसरे महायुद्ध उसळले असता, इंग्लंडमधील एका खेड्यात ती नव्याने लिहून काढली. पुढे मुंबई व खंडाळा येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले आणि २००४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा मराठी मुलखाला ते परके नव्हते.

ह्याच युद्धावरील रेमार्कची १९२९ मधील जर्मन कादंबरी सर्वांच्या परिचयाची आहे. तेथील तरुण शाळेच्या बाकांवरून, मास्तरांच्या भाषणाने पेटून, रणांगणावर जातात आणि भ्रमनिरास झाल्यावर वडील पिढीवर संतापतात. लालूच्या वाट्याला असा संतापही येत नाही. फसवणूक झाली म्हणून रागवावयाचे तर ज्यावर रागवावे असे आपले काही असावे लागते. लालूचा राजा दुसऱ्याचा, देश दुसऱ्याचा, शत्रूही दुसऱ्याचाच. त्याचे म्हणून जे काही आहे ते खंदकात त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेले आहे: थट्टेखोर पण मनाचा निर्मळ किर्पूकाका, नोकरीत केस पिकलेला भोळाभाविक धनू, पोरांना सांभाळून घेणारा हवालदार लछमनसिंग. लालूचे इमान कोणाशी, याचे पहिले उत्तर कादंबरी देते ते हे.

पण सैन्य केवळ सोबत्यांच्या मायेवर चालत नाही. त्याला नेतृत्व लागते. येथे हिंदी पलटणीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. साडेसातशेच्या आसपास शिपायांच्या पलटणीत इंग्रज अधिकारी बारा-तेरा असत. ब्रिटिश पलटणीत हजार माणसांमागे ही संख्या तिसाच्या घरात होती. जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर हे हिंदी अधिकारी होते. परंतु वीस वर्षे रणात काढलेला सुभेदारही कालपरवा आलेल्या इंग्रज लेफ्टनंटाच्या हुकमतीखालीच असे. १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या राज्यकर्त्यांनी ही व्यवस्था बुद्ध्या जपली होती. हिंदी माणूस शूर असतो, पण पुढारीपण त्याच्या अंगी नसते, हे त्या व्यवस्थेचे गृहीतकृत्य होते.

तथापि ह्या व्यवस्थेत एक जिवंत दुवा होता. जुना इंग्रज अधिकारी आपल्या माणसांची भाषा बोले, त्यांची गावे ओळखे, कोणाचा कज्जा कोणत्या कचेरीत पडला आहे हे त्याला ठाऊक असे. शिपायाच्या लेखी सरकार म्हणजे हा एक माणूस. सम्राटाचे मीठ त्याच्या हातून मिळे, आणि इमानही त्याच्याच हवाली केले जाई. फ्रान्समध्ये पहिल्या काही आठवड्यांतच हे अधिकारी धडाधड पडले. वेशभूषेवरून ते शत्रूला ओळखूही येत. त्यांच्या जागी जे आले त्यांतील कित्येकांना शिपायांची भाषाही येत नव्हती. भरतीच्या नव्या तुकड्या निरनिराळ्या पलटणींतून काढून आणलेल्या. शिपाई अधिकाऱ्याला परका, आणि शिपायाला शेजारचा शिपाईही परका. हिंदी सैन्य त्या हिवाळ्यात खचले, त्याचा दोष बरीच वर्षे थंडीच्या माथी मारण्यात आला. थंडी होतीच, पण इमान ज्याच्याजवळ ठेवावयाचे तो माणूसच नाहीसा झाला होता, हे कारण अधिक खोल आहे.

ही गोष्ट आनंदांच्याही आधी एका हिंदी कथाकाराने हेरली होती. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा १९१५ मध्ये, ऐन युद्धात, ‘सरस्वती’ मासिकात छापली गेली. उत्तरेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती मुलांच्या पाठ्यपुस्तकातून वाचली असेल. जमादार लहनासिंगाच्या खंदकात एक जर्मन अधिकारी लेफ्टनंटसाहेबाचा वेश घालून येतो. त्याचे सोंग लहनासिंगाने ओळखले ते कशावरून? खरा साहेब कसा बोलतो, त्याच्याबरोबर आपण शिकारीला कोठे गेलो होतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. चार आडवेतिडवे प्रश्न विचारताच सोंग उघडे पडते. म्हणजे पलटण वाचते ती साहेब आणि शिपाई यांच्या जुन्या ओळखीमुळे. आणि तोच लहनासिंग पुढे प्राण देतो तो सम्राटासाठी नव्हे; बालपणी अमृतसरच्या बाजारात भेटलेल्या, आता सुभेदारणी झालेल्या एका स्त्रीने नवरा व मुलगा यांना सांभाळा म्हणून पदर पसरला होता, त्या शब्दासाठी. सरकारी कागदावर मात्र त्याची नोंद जखमांनी मेलेला जमादार एवढीच होते.

आनंदांनी ह्यापुढचे पाऊल टाकले आहे. त्यांच्या कादंबरीत साहेबाची जुनी ओळख पुसट होत गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती जाते, हे दिसते. सुभा हा सुभेदार-मेजराचा मुलगा. त्याला बढती मिळते ती बापाच्या वजनाने. बढतीवर डोळा ठेवून बसलेला लोकनाथ त्या निराशेचा राग खालच्यांवर काढतो. वरचा गोरा अधिकारी ज्या तोऱ्याने वागतो त्याचीच नक्कल खालचा काळा अधिकारी करतो. धनू पाण्याने भरलेल्या खंदकात बुडून मरतो. किर्पूचा अंत त्याहून दारुण आहे. आपल्याच पलटणीत झालेला अपमान सहन न होऊन तो स्वतःच्या हाताने जीव देतो. जर्मन गोळ्या चुकवीत आलेला हा माणूस, आणि त्याला मारते ती आपल्या लोकांची सत्तेची घमेंड! सरकारी दप्तरात उमेदीची वर्षे घालविलेल्या कोणाही वाचकाला हे पान फार दूरचे वाटणार नाही. नेतृत्व म्हणजे वरून आलेला हुकूम खाली ढकलणे, अशी समजूत जेथे रुजते तेथे किर्पूंचे बळी पडतातच.

हिंदी माणसात पुढारीपण नसते, हे गृहीतकृत्य युद्धाच्या कसोटीवर किती टिकले? ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जममधील हॉलेबेक येथे १२९ व्या बलुची पलटणीच्या मशीनगनवरील इंग्रज अधिकारी जखमी झाला, बरोबरीचे पाचही शिपाई ठार झाले, तरी खुदादाद खान एकटा तोफ चालवीत राहिला. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याचा मार्ग १९११ च्या दिल्ली दरबारात मोकळा झाला होता. तो मिळविणारा हा पहिला हिंदी सैनिक. त्याहूनही बोलके उदाहरण जमादार मीर दस्त याचे आहे. २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर, जेथे जर्मनांनी नुकताच विषारी वायू सोडण्यास आरंभ केला होता तेथे, इंग्रज अधिकारी उरले नाहीत तेव्हा त्याने विखुरलेली माणसे गोळा करून मागे फिरण्याचा हुकूम येईपर्यंत मोर्चा धरला, आणि नंतर भर गोळीबारात आठ इंग्रज व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणण्यास हातभार लावला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्याला नेतृत्व करता येत नाही असे नियमांत धरले होते, त्याने नियम सांगणारे कोणी उरले नाही तेव्हा नेतृत्व केले.

आणि ह्याच मीर दस्ताचा सख्खा भाऊ, जमादार मीर मस्त, दोनच महिन्यांपूर्वी, मार्च १९१५ च्या आरंभी, डझनाहून अधिक आफ्रिदी सोबत्यांसह रात्री खंदक ओलांडून जर्मनांना जाऊन मिळाला होता! एका आईची दोन मुले. एक सम्राटाचे सर्वोच्च पदक मिळवितो, दुसरा सम्राटाच्या शत्रूकडे जातो. आफ्रिद्यांचा मुलूख ब्रिटिश अंमलाबाहेरचा, आणि तुर्कस्तान युद्धात पडल्यापासून त्यांच्या मनात धर्म आणि मीठ यांचे द्वंद्व चालू होते. एकाला निष्ठावंत व दुसऱ्याला फितूर म्हणून इतिहासकार पुढे जातील. परंतु मीर दस्ताने पुढे काय केले ते पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रायटनच्या रुग्णालयात पंचम जॉर्ज बादशहाने स्वहस्ते त्याच्या छातीवर पदक लावले, तेव्हा ह्या जमादाराने जमिनीची वा पेन्शनची मागणी केली नाही; एकदा जखमी झालेल्या शिपायाला पुन्हा खंदकात धाडू नये, अशी त्याने विनंती केली. पदक त्याला वरून मिळाले होते. त्याचे लक्ष मात्र खाली होते. ज्याला आपण नेतृत्व म्हणतो त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ह्या युद्धात आढळलेले नाही.

मीर दस्ताची विनंती एकट्याची नव्हती. बऱ्या झालेल्या शिपायांस पुन्हा आघाडीवर पाठविण्याची पद्धत त्यांना अन्यायाची वाटे. रक्त सांडले, मीठ फिटले, आता घरी जाऊ द्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सरकारचा हिशेब वेगळा होता. माणसे हाताला मुद्दाम गोळी लावून घेतात असा संशय पहिल्या हिवाळ्यात पसरला; ब्रायटन येथील कर्नल ब्रूस सीटन याने हजार जखमांची छाननी करून तो जवळजवळ निराधार ठरविला. शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचीत, हे शिपायांनाही ठाऊक झाले होते. म्हणून कोणी आडवळणाने लिही: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला हा अर्थ कळला, आणि त्याच्या टिपणांमुळेच ती पत्रे पुढच्या पिढ्यांसाठी राहिली. विश्वास नाही म्हणून ज्यांची पत्रे फोडली, त्यांच्या मनाचा पुरावा त्या अविश्वासानेच जपून ठेवला, हा दैवदुर्विलास होय.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन फ्रान्समधून हलविण्यात आल्या. शिपायांची भाषा जाणणारे त्यांचे सेनापती जेम्स विलकॉक्स हे वरिष्ठांशी खटके उडून सप्टेंबरातच बाजूला झाले होते. हे सैन्य गेले मेसोपोटेमियात, आणि येथे ह्या कथेचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी तिला वेढले. फ्रान्सहून आलेल्या लाहोर व मीरत डिव्हिजननी वेढा उठविण्याची शिकस्त केली, ती व्यर्थ गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस आलेल्या सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यानंतर साध्या शिपायांना तळपत्या वाळवंटातून चालविण्यात आले व हजारो माणसे वाटेवर आणि बंदिवासात मेली. सेनापती टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर पाहुण्याच्या इतमामाने राहत होते. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांतून गेलेली ती माणसे पाच महिने मिठाला जागली. त्यांच्या मिठाला कोण जागले?

कादंबरीच्या अखेरीस लालूही जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडतो. १९४२ मधील ‘द स्वोर्ड अँड द सिकल’ ह्या तिसऱ्या कादंबरीत तो बंदिवासातून परत येतो. ज्या जमिनीसाठी तो लढला ती गेलेली असते आणि इनामाचा पत्ता नसतो. येथून तो शेतकऱ्यांच्या चळवळीकडे वळतो. याला फितुरी म्हणावयाचे की एकतर्फी कराराचा शेवट म्हणावयाचे, हे वाचकाने ठरवावे. कादंबरीत दोष आहेत. पंजाबी शिव्या आणि म्हणी इंग्रजीत शब्दशः उतरविल्यामुळे संवाद कोठे कोठे विचित्र वाटतात, आणि लेखकाचे राजकीय मत लालूच्या तोंडून वेळी-अवेळी डोकावते. परंतु शिपायांच्या मनाचा जो हिशेब पत्रांच्या आडवळणी वाक्यांत दडून होता तो येथे उघड मांडला आहे, हे श्रेय तिच्याकडून हिरावून घेता येणार नाही.

राज्यकर्त्यांनीही आपले गृहीतकृत्य हळूहळू सोडले. १९१८ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी निघाली. मीर दस्ताने एका दुपारी जे सिद्ध केले ते कायद्यात यावयास अशी वर्षे लागली.

फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ४७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. १९३१ मध्ये ती कमान पुरी झाली. सुटीच्या दिवशी आपण मुलांना घेऊन तिच्याभोवतीच्या हिरवळीवर बसतो. मुलांनी मान वर करून विचारले की, ही माणसे कोणासाठी लढली, तर आपण काय सांगणार? सम्राटासाठी, असे सांगणे अपुरे होईल. देशासाठी, हे तर बव्हंशी खरे नाही. शेजारच्या सोबत्यासाठी, दिलेल्या शब्दासाठी, गावाकडच्या चार बिघे जमिनीसाठी, हे उत्तर सत्याच्या अधिक जवळ जाईल. आणि जे मेले त्यांचे ऋण दगडावर नाव कोरून तरी मान्य झाले. लालूसारखे जे जिवंत परतले त्यांचे नाव कोणत्याच कमानीवर नाही. ते वाचावयाचे तर आनंदांची कादंबरीच उघडावी लागते.